परिचारिकेची झोप कोण मोजणार?

परिचर्या महाविद्यालयांच्या दिनदर्शिकेत दोन तारखा ठळक अक्षरांत असतात. पहिली १२ मे. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्या जन्मदिवशी दिवे उजळले जातात, शपथेचा पुनरुच्चार होतो आणि पाहुण्यांच्या भाषणात सेवा, त्याग व ममता हे तीन शब्द हमखास येतात. दुसरी तारीख २१ जून. संयुक्त राष्ट्रांनी डिसेंबर २०१४ मध्ये ठराव केला आणि २०१५ पासून हा दिवस जगभर योगदिन म्हणून साजरा होऊ लागला. तेव्हापासून महाविद्यालयाच्या सभागृहात सकाळी चटया अंथरल्या जातात, ताडासन आणि वृक्षासन होते, छायाचित्रे निघतात आणि अहवाल वर पाठवला जातो. आदल्या रात्री वॉर्डात ड्युटी केलेल्या मुलींचीही या हजेरीतून बहुधा सुटका नसते. रात्रभर सलाइनच्या बाटल्या बदलून आलेल्या एकोणीस-वीस वर्षांच्या मुलीला सकाळी सात वाजता श्वासावर लक्ष केंद्रित करायला सांगितले जाते, तेव्हा आपण तिला काय देत आहोत आणि तिच्याकडून काय काढून घेत आहोत, हा प्रश्न अहवालाच्या कोणत्याच रकान्यात बसत नाही.

प्रश्न जुना आहे, पण अलीकडे तो शास्त्रीय भाषेत विचारला जाऊ लागला आहे. परिचर्येचे शिक्षण घेणाऱ्यांचा मानसिक ताण किती, त्यावर योग, प्राणायाम, ध्यान, तेलमालिश, काढे अशा पारंपरिक उपायांचा परिणाम किती आणि त्यातून त्या अधिक आनंदी होतात का, या विषयावर देशोदेशी पाहण्या होत असतात. आपल्याकडेही त्यांची वानवा नाही. एम.एस्सी. नर्सिंगच्या प्रबंधांची यादी चाळली, तर 'विद्यार्थिनींच्या ताणावरील अमुक उपचाराची परिणामकारकता' या साच्यातली शीर्षके पानोपानी भेटतात. पद्धतही ठरलेली असते. आपल्याच महाविद्यालयातल्या चाळीस-साठ विद्यार्थिनी निवडायच्या, प्रश्नावली भरून घ्यायची, दोन-चार आठवडे अनुलोम-विलोम किंवा शिथिलीकरण करवून घ्यायचे, पुन्हा तीच प्रश्नावली भरून घ्यायची आणि गुण कमी झाले की उपचार परिणामकारक ठरला, असे जाहीर करायचे.

अशा प्रबंधांची टिंगल करण्याचे कारण नाही. मुदत आणि पैसा दोन्ही मर्यादित असताना पदव्युत्तर विद्यार्थिनीला याहून वेगळे फारसे करता येत नाही. तरीही वाचकाने काही गोष्टी ध्यानात ठेवायला हव्यात. ताण मोजण्यासाठी सर्वाधिक वापरली जाणारी प्रश्नावली अमेरिकी मानसशास्त्रज्ञ शेल्डन कोहेन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८३ मध्ये तयार केली. गेल्या महिनाभरात आपल्याला कसे वाटले, असे ती विचारते. म्हणजे ती मोजते ती माणसाची भावना, त्याच्या अंगावरचे ओझे नव्हे. शिवाय ही प्रश्नावली ज्या ज्येष्ठ विद्यार्थिनीच्या किंवा शिक्षिकेच्या हातात परत द्यायची असते, तिच्याच हाती कित्येकदा अंतर्गत गुणही असतात. प्राणायामाचा वर्ग संपल्यावर 'आता बरे वाटते का?' असे बाईंनी विचारले, तर 'नाही' म्हणणारी मुलगी विरळाच.

आनंद मोजताना तर भाषाही आडवी येते. इंग्रजीतल्या एका शब्दासाठी मराठीत सुख, आनंद आणि समाधान असे तीन शब्द आहेत आणि तिन्हींची घरे वेगळी आहेत. पहिल्यांदा स्वतःच्या हातांवर बाळ जन्माला आले, त्या रात्री लेबर रूममधली विद्यार्थिनी आनंदात असते. तिचे पाय सुजलेले असतात, पोटात काही नसते, म्हणजे सुख कुठेच नसते. आणि महिन्याच्या शेवटी घरी फोन करून 'चाललंय चांगलं' म्हणताना तिच्या आवाजात असते ते कदाचित समाधान, किंवा घरच्यांना काळजी नको म्हणून घेतलेले सोंग. यांपैकी नेमके काय प्रश्नावलीत उतरले, हे अंकांवरून कळत नाही. नांदेड, बीड, यवतमाळकडच्या मराठी शाळांतून आलेल्या अनेक मुलींपुढे ही प्रश्नावली इंग्रजीत येते, हा आणखी एक मुद्दा.

या पाहण्यांमधून एक निष्कर्ष मात्र वारंवार पुढे येतो: नियमितपणे योग किंवा ध्यान करणाऱ्या विद्यार्थिनी इतरांपेक्षा कमी तणावग्रस्त आणि अधिक आनंदी आढळतात. यातून योगामुळे आनंद मिळतो, असा अर्थ सहज काढला जातो. पण उलट दिशेनेही विचार करून पाहावा. नियमित योग कोणाला जमतो? जिची झोप झालेली आहे, जिचे कपडे धुऊन झाले आहेत, जिची केस बुक लिहून पूर्ण आहे आणि जिला पहाटे उठून अंघोळीसाठी रांग लावावी लागत नाही, तिला. म्हणजे निवांतपणामुळे योग घडतो आणि निवांतपणामुळेच आनंदही मिळतो, असे असू शकते. एकाच वेळी केलेल्या पाहणीत कारण कोणते आणि परिणाम कोणता, हे ठरवता येत नाही. आपल्या महाविद्यालयांनी मात्र कारण ठरवून टाकले आहे, कारण चटई स्वस्त असते.

ज्या दिनक्रमात ही चटई अंथरायची, तो तरी काय आहे? भारतीय परिचर्या परिषदेने २०२१ मध्ये बी.एस्सी. नर्सिंगचा अभ्यासक्रम सत्रपद्धतीत आणला. चार वर्षांची आठ सत्रे, प्रत्येक सत्र २० आठवड्यांचे आणि आठवड्याला ४० तास, असा त्याचा कागदावरचा हिशेब आहे. चाळीस तास म्हणजे कारकुनी नोकरीइतकेच झाले, असे वाटेल. पण वॉर्डातून परतल्यावर लिहायच्या केस स्टडी, केअर प्लॅन, आरोग्यशिक्षणासाठी रंगवायचे तक्ते, प्रोसिजर बुकवर घ्यायच्या सह्या यांना त्या चाळीस तासांत कितीशी जागा मिळते, हे कोणत्याही वसतिगृहात रात्री अकरा वाजता डोकावले की कळते. ठरावीक संख्येने प्रसूती स्वतः केल्याची नोंद हवी असते. एका लेबर रूममध्ये दोन-तीन महाविद्यालयांच्या मुली पाठवल्या असतील, तर आपली पाळी येईपर्यंत ताटकळत बसण्यावाचून इलाज नसतो. त्यात शिक्षणाचे माध्यम इंग्रजी, रुग्णाचे मराठी, हिंदी किंवा आणखी कुठली बोली, डॉक्टरांचे इंग्रजी तुसडे आणि वॉर्डातल्या सिस्टरला समजावून सांगायला वेळ नाही. विद्यार्थिनी या सगळ्यांच्या मधोमध ट्रे घेऊन उभी.

उभे राहण्याचा हा वारसा फार जुना आहे. पुण्यात १९०९ मध्ये रमाबाई रानडे यांच्या पुढाकाराने सेवासदन उभे राहिले. परिचारिकेच्या शिक्षणासाठी मुलींना ससून रुग्णालयात पाठवताना सेवासदनाला ज्या विरोधाला तोंड द्यावे लागले, त्यात परक्या पुरुषाच्या देहाला स्पर्श आणि जातीचा विटाळ हे आक्षेप मुख्य होते. त्या पिढीला शिकण्याचा हक्क मिळवण्यासाठीच इतके झगडावे लागले, की शिकताना किती राबायचे याची चर्चा मागेच पडली. सर जोसेफ भोर यांच्या समितीने १९४६ मध्ये अहवाल दिला, तेव्हा देशात अवघ्या सात हजारांच्या आसपास परिचारिका होत्या. त्यांच्या कामाच्या आणि राहण्याच्या परिस्थितीबद्दल समितीने कडक शब्दांत नापसंती नोंदवली होती. पुढे १९५४ मध्ये शेट्टी समिती आली, १९८७ मध्ये सरोजिनी वरदप्पन यांच्या अध्यक्षतेखाली उच्चाधिकार समिती नेमली गेली. समित्यांच्या शिफारशींचे पुढे काय होते, हे आपल्या वाचकांना वेगळे सांगायला नको.

मूळ दुखणे मनुष्यबळाचे आहे. अध्यापन करणाऱ्या रुग्णालयात दर तीन रुग्णांमागे एक परिचारिका आणि त्यावर रजेसाठी तीस टक्के राखीव, असा परिषदेचा जुना निकष आहे. तीन पाळ्यांत वाटणी केली की एका पाळीत एका परिचारिकेच्या वाट्याला नऊ रुग्ण येतात. म्हणजे निकष पाळला गेला तरी काम कमी नाही. मोठ्या शासकीय रुग्णालयातल्या जनरल वॉर्डात प्रत्यक्षात एकीकडे किती खाटा असतात आणि दोन खाटांच्या मधल्या जमिनीवर किती गाद्या असतात, हे ज्यांनी नातेवाइकाजवळ रात्र काढली आहे त्यांना ठाऊक आहे. ही फट भरते ती विद्यार्थिनी. तिला पगार द्यावा लागत नाही, ती संघटनेत नसते, तिची हजेरी आणि गुण दोन्ही संस्थेच्या हातात असतात. २०२२ च्या मे महिन्यात बाह्यस्रोतांतून होणाऱ्या भरतीविरुद्ध राज्यातल्या शासकीय परिचारिका संपावर गेल्या होत्या. असा संप झाला, की वॉर्ड चालवायला कोणाकडे बघितले जाणार, हे सांगायला ज्योतिषी लागत नाही. कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत तर ३ मे २०२१ रोजी केंद्र सरकारनेच अंतिम वर्षाच्या, परीक्षेची वाट पाहणाऱ्या परिचर्या विद्यार्थ्यांना ज्येष्ठांच्या देखरेखीखाली पूर्णवेळ कोविड ड्युटीवर घेण्यास संमती दिली. संकट अभूतपूर्व होते आणि त्या मुलामुलींनी ते पेलले, हे खरेच. पण संकट ओसरल्यावर त्यांची मने कोणत्या अवस्थेत आहेत, हे विचारायला कोणी गेल्याचे ऐकिवात नाही.

येथे परंपरेकडे वळायला हवे. ती आपण वापरतो कशी, हाच या लेखाचा वादाचा मुद्दा आहे. परंपरा म्हणजे आसने आणि काढे, अशी आपली सोयीस्कर समजूत झालेली आहे. आयुर्वेदाचे ग्रंथ उघडले तर चित्र वेगळे दिसते. चरकसंहितेत शरीराचे तीन आधार सांगितले आहेत आणि आहाराच्या पाठोपाठ दुसरा क्रमांक निद्रेचा आहे. निद्रेचा विचार करताना बळ, पुष्टी, बुद्धी यांच्या बरोबरीने सुखदुःखाचाही संबंध तिच्याशी जोडलेला आहे. वाग्भटाच्या अष्टांगहृदयात तर रात्रपाळी करणाऱ्याने थांबून वाचावे असे काही सापडते. सवय नसताना जागरण घडले, तर जितका वेळ जागलो त्याच्या निम्मा वेळ सकाळी, जेवणापूर्वी झोपून घ्यावे, असा तिथला सल्ला आहे. दिवसा झोपू नये हा आयुर्वेदाचा सर्वसाधारण दंडक. पण श्रमाने थकलेल्यांचा अपवाद त्यात केलेला आहे. दहा तासांच्या रात्रपाळीनंतर निदान पाच तास सलग झोप, असा याचा हिशेब होतो. पाळ्यांत काम करणाऱ्यांना आजचे निद्रातज्ज्ञही साधारण असेच सांगतात: ड्युटी संपली की शक्य तितक्या लवकर अंधाऱ्या, शांत खोलीत झोपा आणि त्याआधी जड जेवण टाळा. दोन परंपरांचे इतके एकमत क्वचितच होते.

आणि आपण काय करतो? रात्रपाळीच्या मुलीला सकाळी आठ-साडेआठला सोडतो, कित्येक ठिकाणी दहा वाजता व्याख्यानाला बसवतो, खोलीत चार किंवा आठ जणी, खिडकीला पडदा नाही, बाजूच्या खाटेवरच्या मुलीची दुपारपाळी, तिचा मोबाइलचा गजर. आणि या सगळ्यावर उतारा म्हणून संध्याकाळी अर्धा तास प्राणायाम ठेवतो. वाग्भटाने झोप सांगितली होती, आपण तिच्या जागी श्वास ठेवला. गंमत म्हणजे रुग्णाची विश्रांती आणि झोप हे परिचर्येच्या पायाभूत विषयातले स्वतंत्र प्रकरण आहे. आवाज कमी करा, दिवा मंद करा, झोपलेल्या रुग्णाला विनाकारण उठवू नका, हे मुली पहिल्याच वर्षी पाठ करतात आणि परीक्षेत दहा गुणांना लिहितात.

रात्रपाळीचा प्रश्न निव्वळ आळसावलेल्या डोळ्यांचा नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००७ मध्ये आणि पुन्हा २०१९ मध्ये रात्रपाळीच्या कामाची गणना 'बहुधा कर्करोगकारक' गटात केली आहे. हा धोका दीर्घकाळ, वर्षानुवर्षे केलेल्या रात्रपाळ्यांचा आहे, शिकाऊ काळातल्या काही आठवड्यांमुळे घाबरून जाण्याचे कारण नाही. मात्र झोपेशी तडजोड करण्याची सवय आणि ती तडजोड म्हणजेच सेवाभाव अशी समजूत, दोन्ही याच वयात लागतात.

चरकानेच चिकित्सेचे चार पाय सांगितले आहेत: वैद्य, औषध, परिचारक आणि रुग्ण. परिचारकाच्या अंगी सेवेचे ज्ञान, दक्षता, रुग्णाविषयी आपुलकी आणि शुचिता हवी, अशी अपेक्षा त्यात आहे. समारंभांतून हा दाखला अभिमानाने दिला जातो. चौथाई चिकित्सा जिच्यावर उभी, तिच्या पायांची काळजी त्याच भाषणात आली असती तर अभिमान अधिक शोभला असता.

ही काळजी मुली आपापल्या परीने घेतातच. वसतिगृहातल्या परंपरेचे स्वरूप महाविद्यालयाच्या योगवर्गापेक्षा फार निराळे आणि, माझ्या मते, अधिक खरे आहे. रविवारी दुपारी एकीने दुसरीच्या डोक्याला तेल घालून केलेली चंपी, दिवसभर उभे राहून आग झालेल्या तळव्यांना तूप लावून काशाच्या वाटीने घासणे, पाळीच्या दिवसांत गरम पाण्याच्या पिशवीचा शेक, घसा बसला की सुंठ-गूळ, आईने डब्यात भरून दिलेले डिंकाचे लाडू. केरळहून आलेल्या मुलींची तेलाची बाटली वेगळी असते आणि प्रार्थनाही. या उपायांत औषधी गुण किती, हे संशोधकांनी जरूर तपासावे. पण त्यात आणखी एक द्रव्य असते, ते प्रयोगशाळेत सापडणार नाही: दुसऱ्याचा हात. दिवसभर परक्यांच्या अंगाला हात लावून सेवा करणाऱ्या मुलीला कोणी तरी हात लावून विचारपूस करते, ही त्यातली मोलाची गोष्ट. एकटीने चटईवर बसून करायच्या साधनेत ती मिळत नाही. तणावाच्या पाहण्यांत या चंपीसाठी रकाना क्वचितच असतो.

वसतिगृहातली प्रत्येक जुनी सवय चांगलीच, असा मात्र याचा अर्थ नव्हे. गुरुवार, संकष्टी, नवरात्राचे नऊ दिवस असे उपास धरून सकाळच्या ड्युटीला उभे राहणाऱ्या मुली कमी नाहीत. उपासाने मनाला बळ मिळते, हा त्यांचा अनुभव खोटा म्हणण्याचे कारण नाही. पण साबुदाण्याच्या खिचडीतून लोह मिळत नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयोगटातल्या ५४.२ टक्के महिलांना रक्तक्षय आहे, आणि त्याआधीच्या पाहणीत हा आकडा ४८ टक्के होता. म्हणजे परिस्थिती सुधारण्याऐवजी बिघडली. थकवा, चिडचिड, अभ्यासात लक्ष न लागणे, जिना चढताना धाप लागणे ही लक्षणे ताणाची म्हणून प्रश्नावलीत उतरतात, तेव्हा त्यांतली किती रक्तातल्या हिमोग्लोबिनची असतील? रुग्णालयाच्या आवारातच राहणाऱ्या मुलींचे वर्षातून दोनदा रक्त तपासायला खर्च तो कितीसा येईल?

काढे आणि चूर्णांच्या बाबतीतही 'निसर्गातले म्हणजे निर्धोक' ही समजूत परिचारिका होऊ घातलेल्या मुलींनी तरी सोडायला हवी. कोरोनाच्या काळात आयुष मंत्रालयाने हळदीचे दूध, काढा, च्यवनप्राश यांची शिफारस केली आणि घरोघर गुळवेलीचे काढे उकळू लागले. त्याच सुमारास, २०२० च्या अखेरीस, मुंबईतल्या यकृततज्ज्ञांनी गुळवेलीच्या सेवनानंतर यकृताला इजा झालेले सहा रुग्ण नोंदवले आणि २०२१ मध्ये त्यांचा अहवाल प्रसिद्ध झाला. मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला, वाद झाला. ताण कमी करणारी म्हणून आज सर्वाधिक खपणारी वनस्पती अश्वगंधा. तिच्या बाबतीतही यकृताला अपाय झाल्याच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आहेत आणि डेन्मार्कने २०२३ मध्ये तिच्यावर बंदी घातली. बंदी योग्य की अतिरेकी, यावर मतभेद आहेत. परीक्षेच्या आधी मैत्रिणीच्या सांगण्यावरून गोळ्यांची बाटली मागवण्यापूर्वी वैद्याला विचारावे, एवढ्यावर मात्र मतभेद नसावेत. रुग्णाला 'आणखी काय घेता?' असे विचारायला शिकणाऱ्या मुलीने तोच प्रश्न स्वतःला विचारणे ओघानेच आले.

योगाविषयी इतके वाकडे बोलल्यावर त्याचे श्रेयही द्यायला हवे. संथ श्वसनाने हृदयाची गती आणि मनाची धडधड उतरते, हे मान्य होण्यासारखे आहे. दिवसभर उभे राहिल्यावर भिंतीला पाय टेकवून दहा मिनिटे पडून राहण्याचा आराम कोणत्याही परिचारिकेला पटेल. ताणाची भावना काही प्रमाणात कमी झाल्याचे अनेक लहान अभ्यासांत दिसले आहे. ते अभ्यास अल्पकाळाचे असतात, इतकीच त्यांची मर्यादा. आणि योगाची कठोर तपासणी करण्याची परंपरा तर महाराष्ट्राचीच आहे. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये लोणावळ्याला कैवल्यधाम स्थापन केले, ते आसने-प्राणायामाचा शरीरावर होणारा परिणाम यंत्रांनी मोजण्यासाठी. शंभर वर्षांपूर्वी त्यांनी जी शंका घेण्याची हिंमत दाखवली, ती आज योगदिनाच्या अहवालात दिसत नाही. त्यांच्या वाटेने जायचे तर महाविद्यालयांनी एक साधा प्रयोग करावा. एका तुकडीला प्राणायामाचा वर्ग द्यावा, दुसऱ्या तुकडीला तेवढाच वेळ झोपू द्यावे आणि मग दोघींच्या प्रश्नावल्या ताडून पाहाव्यात. निकाल काय येईल याविषयी माझा अंदाज आहे, पण तो येथे सांगण्यापेक्षा एखाद्या प्रबंधिकेने विषय म्हणून घेतलेला बरा.

इतके असूनही या मुली आनंदी का असतात, हा प्रश्न उरतोच, कारण बऱ्याच जणी असतात. घरातली पहिली कमावती बाई होण्याची शक्यता, परदेशाची वाट (फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी केलेल्या करारात कुशल मनुष्यबळाच्या यादीत परिचारिकाही आहेत) आणि त्याहून अधिक म्हणजे कामातला अर्थ. केईएम रुग्णालयातल्या परिचारिकांनी अरुणा शानबाग यांची ४२ वर्षे, १८ मे २०१५ रोजी त्यांचे निधन होईपर्यंत, जी शुश्रूषा केली, तिला तोड नाही. निवृत्त झालेल्यांनी नव्याने आलेल्यांच्या हाती ती जबाबदारी सोपवली. पगारात न बसणारे हे समाधान कोणत्याही मापनपट्टीत मावणारे नाही.

पण त्याच घटनेची दुसरी बाजू पाहा. २७ नोव्हेंबर १९७३ रोजी अरुणा शानबाग यांच्यावर हल्ला झाला, तो ड्युटी संपवून रुग्णालयाच्या तळघरात कपडे बदलत असताना. ९ ऑगस्ट २०२४ रोजी कोलकात्याच्या आर. जी. कर रुग्णालयात जिची हत्या झाली, ती प्रशिक्षणार्थी डॉक्टर दीर्घ ड्युटीनंतर सेमिनारच्या खोलीत विश्रांती घेत होती. दोन घटनांत एक्कावन्न वर्षांचे अंतर आहे आणि दोन्ही ठिकाणी रुग्णालयात काम करणाऱ्या स्त्रीला कपडे बदलायला किंवा पाठ टेकायला दार बंद होईल अशी सुरक्षित जागा नव्हती. मनःशांतीचे वर्ग घेताना ही जागा कुठे आहे, हे कोणी दाखवत नाही.

कोलकात्याच्या घटनेच्याच महिन्यात राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या कृतिदलाने वैद्यकीय विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्याचा अहवाल दिला. पंचवीस हजारांहून अधिक पदवी विद्यार्थ्यांनी त्याच्या पाहणीला उत्तरे दिली होती आणि त्यांतल्या २७.८ टक्के विद्यार्थ्यांनी आपल्याला मानसिक आजार असल्याचे सांगितले. निवासी डॉक्टरांचे काम आठवड्याला ७४ तासांच्या वर जाऊ नये, आठवड्यातून एक सुटी असावी आणि रोज सात ते आठ तास झोप मिळावी, असे कृतिदलाने सुचवले. शिफारशी किती अमलात आल्या हा वेगळा विषय. निदान डॉक्टर होणाऱ्यांची झोप मोजण्याजोगी आहे, हे एका राष्ट्रीय अहवालाने मान्य केले. त्याच वॉर्डात, त्याच रात्री, शेजारच्या टेबलाशी बसलेल्या परिचर्या विद्यार्थिनीचा या अहवालात समावेश नाही, कारण तिची नियामक संस्था वेगळी. १९४७ च्या परिचर्या परिषद कायद्याच्या जागी नवा आयोग आणणारा राष्ट्रीय परिचर्या व प्रसूतिविद्या आयोग कायदा संसदेने २०२३ मध्ये मंजूर केला. नव्या व्यवस्थेकडून पहिली अपेक्षा ठेवायची, तर अशा पाहणीची ठेवावी. ती करताना उत्तरे महाविद्यालयामार्फत मागवू नयेत, ही दुसरी.

ताण केवळ वरून येतो असेही नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये केरळात कोट्टयमच्या शासकीय परिचर्या महाविद्यालयात पहिल्या वर्षाच्या मुलांचा अमानुष छळ केल्याबद्दल तिसऱ्या वर्षाच्या पाच विद्यार्थ्यांना अटक झाली. पहाटे उठून योग करवून घेण्याची शिस्त वसतिगृहात असू शकते आणि त्याच वसतिगृहात रात्री काय चालते याचा पत्ता वॉर्डनला नसू शकतो. अशा वेळी मुलीला किंवा मुलाला बोलायला कोणी तरी लागते, आणि तो माणूस गुण देणारा नसावा लागतो. समुपदेशनाची जबाबदारी मानसोपचार परिचर्येच्या शिक्षिकेकडे सोपवून मोकळे होण्याची पद्धत म्हणूनच निरुपयोगी आहे. ऑक्टोबर २०२२ पासून केंद्र सरकारची 'टेलिमानस' ही दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य चालते आणि तिथे मराठीतही बोलता येते. नाव न सांगता मन मोकळे करण्याची ती सोय आहे. हा क्रमांक वसतिगृहाच्या जिन्यात, आरशाजवळ, मेसच्या दारावर लावायला हरकत कसली?

बाकीच्या गोष्टींना थोडा खर्च येईल, थोडी गैरसोय होईल. रात्रपाळीनंतरच्या दिवशी व्याख्यान ठेवायचे नाही, आणि २१ जून त्याला अपवाद करायचा नाही. रात्रपाळीच्या मुलींसाठी वसतिगृहात एक वेगळी, जाड पडद्यांची खोली राखायची. ड्युटीवर निघण्यापूर्वी साडेसहाला मेसमध्ये गरम न्याहारी तयार असायची. वॉर्डाच्या ड्युटी पत्रकात विद्यार्थिनीचे नाव परिचारिकेच्या जागी लिहायचे नाही, तिच्या शेजारी लिहायचे. महाविद्यालयांची तपासणी करायला येणारी समिती खाटा, पुस्तके, शिक्षिका आणि प्रयोगशाळेतल्या पुतळ्यांची संख्या मोजून जाते. तिने महिन्याभराचे ड्युटी पत्रक आणि त्याच महिन्याचे व्याख्यानांचे हजेरीपट मागवून शेजारी शेजारी ठेवले, तर कोणती मुलगी किती रात्री जागून दुसऱ्या दिवशी वर्गात बसली होती, हे अर्ध्या तासात समजेल. दोन्ही कागद प्रत्येक महाविद्यालयात आजही ठेवलेले असतात, फक्त वेगवेगळ्या कपाटांत.